एकच साल, एकच पेठ

आजचा एपिसोड १८४८ सालावर. आम्हा कोरेगावकरांना हे साल माहीत असतं ते सातारचं राज्य खालसा झालं म्हणून. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि याच सालाची दुसरी गोष्ट सापडली.

त्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाच्या बुधवार वाड्यात 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. पुढाकार गोपाळ हरी देशमुखांचा, म्हणजे लोकहितवादींचा. वय पंचवीस! माझ्याहून लहान, तेही सरकारी नोकरी सांभाळून. त्याच वर्षी 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची शतपत्रं येऊ लागली. लोकांना शिका म्हणून खडसावणारा माणूस नुसतं लिहून थांबला नाही, हे मला लय भारी वाटतं.

आता जरा मॅप उघडा. त्याच बुधवार पेठेत भिडे वाडा होता. तिथे त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एका वाड्यात वाचता येणाऱ्यांसाठी पुस्तकं, दुसऱ्यात पहिल्यांदाच अक्षरं गिरवणाऱ्या मुली. लायब्ररी सार्वजनिक, मान्य. पण ज्यांना वाचायला शिकूच दिलं नाही, त्यांच्यासाठी ते दार उघडं असलं काय नि बंद असलं काय? म्हणून मला हे दोन वाडे वेगवेगळे सांगताच येत नाहीत.

पुढे मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आगीत गेला. संशय आधी वासुदेव बळवंत फडक्यांवर घेतला गेला, त्यावर वेगळा एपिसोड करू. वाडा परत उभा राहिला नाही. वाचनालय मात्र आजही चालू आहे.