अर्नाळ्याचं आडनाव आणि राहात्याचा वाचक

आजचा विषय बाबुराव अर्नाळकर. विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी फोन केला. म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात, आणि आता झुंझार?" आम्ही म्हटलं, हो, आता झुंझार. उशीरच झालाय, आणि त्याचं कारण पुढे येईल.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. वसई तालुक्यात, वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा नावाचं गाव आहे. समोर बेटावर किल्ला, तो मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. या गावाचं नाव त्यांनी लेखनासाठी आडनाव म्हणून घेतलं आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हिशेब करून पाहा. लेखनाची पन्नास वर्षं धरली तरी वर्षाला वीस पुस्तकं होतात. म्हणजे दर अडीच आठवड्यांनी एक नवा खून, नवा संशयित आणि नवा उलगडा. आम्हाला पीएच.डी.चा एक प्रबंध लिहायला सहा वर्षं लागली, आणि त्यात कुणी मेलंही नव्हतं.

झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही माणसं आमच्या पिढीला चुलत्या-मामांइतकी जवळची. आम्ही राहात्याचे. इथलं पाणी म्हणजे गोदावरीचा पाट. आवर्तन आलं की पाटकऱ्याशी भांडायचं, पेरूच्या बागेला पाणी द्यायचं, आणि उरलेल्या वेळात बांधावर बसून दप्तरातलं अर्नाळकरांचं पुस्तक काढायचं. मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं वेष्टन, कारण वडिलांना ते भूगोलाचं पुस्तक वाटायला हवं. समुद्र आम्ही विसाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. मग त्या समुद्रकाठच्या मुंबईतल्या भानगडींत आमच्यासारख्या पोरांना एवढी गोडी का वाटावी?

"पळवाट" असं उत्तर आमचे समीक्षक मित्र देतात. आम्हाला ते पटत नाही. त्या काळाचा इतिहास बघा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानंतर खाड्यांच्या आडोशानं भट्ट्या लागल्या. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली, आणि गावोगावच्या सोनारांची भट्टी थंडावली. आमच्या आळीतले सोनारकाका दुकान बंद करून दुसऱ्याच्या गुळाच्या गुऱ्हाळावर कामाला जाऊ लागले. आणि रोज पेपरात काय? तर किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं पकडली! म्हणजे समुद्र आम्ही पाहिला नसला तरी त्याची लाट सोनारकाकांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेली होती. होडीतून रात्री काय उतरतं, हा प्रश्न राहात्याच्या पोरालाही परका नव्हता. रहस्यकथेला तो काळ किनाऱ्यानं पुरवला, आणि वाचक पुरवला कोरडवाहू महाराष्ट्रानं.

आता थोडं आमच्या विषयाकडे. किनारा हे अनुमानाचं फार उत्तम ठिकाण आहे. वाळूवर पाऊल उमटतं, पण दिवसातून दोनदा भरती येते आणि पुरावा पुसते. म्हणून तिथं प्रत्येक खुणेला मुदत असते. कोकणात कोळ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मग अष्टमीच्या दुपारी बारा वाजता मोठा पडाव खाडीत वरपर्यंत आणला, असं कुणी सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय. पंचांग हाताशी असलं की पुरे! विल्की कॉलिन्सनं १८६८ मध्ये 'द मूनस्टोन' लिहिली, तीत यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची गिळणारी वाळू आहे. ती वाळू कथानकात काम करते, नुसती देखावा म्हणून नाही.

अर्नाळकरांनी किनाऱ्याचा असा उपयोग केला का? प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हाला वाटतं तितका नाही. आडनावात अर्नाळा असूनही त्यांची नजर मुंबईच्या रस्त्यावर जास्त रमली. इंग्रजी रहस्यकथांचं ऋणही उघड दिसतं. इतक्या वेगानं लिहिणाऱ्याच्या कथेत सांधे सैल राहणारच. पण वाक्य मात्र सैल नसे. छोटं, धावतं, आणि प्रकरणाच्या शेवटी दार ठोठावणारं. नुकतंच अक्षर लागलेला माणूस ते वाचू शके. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर पुढे आले ते या तयार झालेल्या वाचकाकडे. वाङ्मयाच्या इतिहासांनी मात्र अर्नाळकरांची बोळवण फार थोडक्यात केली.

आता ते कारण. इतिहासकारांना नावं ठेवताना आम्ही आमचं नाव वगळणं बरं नाही. ऐंशीच्या दशकाअखेर आम्ही एका वाचनालयाच्या समितीवर होतो. कपाटं अपुरी पडत होती. 'अभिरुचीच्या दृष्टीने अनावश्यक' अशी पुस्तकं काढून टाकायचा ठराव आला. शब्दरचना आमचीच. दोन पोती भरली. रद्दीवाल्यानं तागडीत टाकताना वर 'काळापहाड' दिसला, आणि आम्ही मान फिरवली. पुस्तकं वापरून वापरून पिवळी पडलेली, मागच्या पानांवर वाचकांचे शेरे, कुणी तर मध्यावरच पेन्सिलीनं खुनी ओळखून नाव लिहिलेलं! त्या पेन्सिलीच्या खुणांतून गावानं कसा विचार केला याचा अभ्यास करता आला असता. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला हे तेव्हा सुचलं नाही.

गेल्या चार वर्षांत आम्ही जुन्या बाजारांतून एकतीस पुस्तकं जमवली आहेत. तुमच्या कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा. कव्हर नसलं तरी चालेल, पहिली पानं गेली असली तरी चालतील. शेवटचं पान तेवढं आहे का, ते बघून सांगा.