रक्तातील मेद आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

बेळगावचा कुंदा आणि निपाणीचा तंबाखू ही सीमाभागाची जुनी ओळख. दुधा-तुपातील संपृक्त मेद आणि तंबाखूचा धूर यांचा शरीरात एकाच ठिकाणी परिणाम होतो. ते ठिकाण म्हणजे रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर.

हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते; पण ते केवळ आवरण नव्हे. त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवतो. त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल होतात, रक्तप्रवाह सुलभ राहतो आणि रक्तातील बिंबिका अस्तराला चिकटत नाहीत. वाहिनी सैल होण्यासाठी हे अस्तर शाबूत असावे लागते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवून दिले. नायट्रिक ऑक्साइडविषयीच्या संशोधनासाठी त्यांच्यासह तिघांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले की त्याचे कण अस्तराखाली शिरून साचतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण होते. परिणामी नायट्रिक ऑक्साइड कमी पडते व अस्तर चिकट बनते. पांढऱ्या पेशी आत शिरून हा मेद गिळतात आणि फुगतात. वर्षानुवर्षे असे थर साचून वाहिनी अरुंद होते. थर फुटून त्यावर गुठळी झाली, तर हृदयविकाराचा झटका येतो. अतिस्निग्ध जेवणानंतर रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते आणि निरोगी माणसातही वाहिनीची प्रसरणक्षमता काही तास घटू शकते.

बिडी-सिगारेटचा धूर या प्रक्रियेला बळ देतो. तो एलडीएलच्या ऑक्सिडीकरणास हातभार लावतो, नायट्रिक ऑक्साइड निष्प्रभ करतो आणि जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे एचडीएलही घटवतो. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागील सर्वांत प्रबळ कारणांत रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान ही दोन अग्रभागी होती. दक्षिण आशियाई लोकांना हा झटका तुलनेने कमी वयात येत असल्याचेही त्यात आढळले.

अस्तराचा हा बिघाड दुखत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. मात्र रक्तातील मेद साध्या रक्तचाचणीने कळतो. सर्वसाधारणपणे एलडीएल 100 मिलिग्रॅमच्या आत आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 150 च्या आत (प्रति डेसिलिटर) असणे इष्ट मानले जाते. मधुमेह वा हृदयविकार असल्यास एलडीएलची मर्यादा डॉक्टर आणखी खाली ठेवतात.

अस्तर सुधारूही शकते, ही यातील दिलासादायक बाब. तंबाखू सोडणे, नियमित चालणे, तूप, वनस्पती व तळलेले पदार्थ मर्यादित ठेवणे आणि गरजेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन घेणे, यांमुळे त्याचे कार्य सुधारते. सणासुदीला कुंद्याचा घास घेण्यास हरकत नाही. बिडीला मात्र सुरक्षित प्रमाण नाही.