राणीचा अर्ज

ब्लॅक पँथर म्हटलं की आपली छाती फुगते. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावावरून. पण त्याच ब्लॅक पँथरच्या ह्युई न्यूटननं १५ ऑगस्ट १९७० ला आपल्या पोरांना बजावलं होतं, की समलिंगी माणसंही दडपलेली आहेत, त्यांच्याशी हात मिळवा, त्यांच्यावरून शिव्या देणं बंद करा. हे मला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तमाशात नाच्या आला की शिट्ट्या मारण्यात मी सगळ्यात पुढं!

म्हणून विल्यम डॉर्सी स्वानबद्दल लिहितोय. हा १८६० च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. तिथली गुलामी १८६४ ला कायद्यानं संपली. पुढं वॉशिंग्टनला त्यानं आपल्यासारख्यांचा मेळ जमवला. दिवसा दुसऱ्याच्या घरी राबणारे हे काळे पुरुष रात्री रेशमी झगे घालून नाचत. नाच कुठला, तर केकवॉक. मळ्यावरच्या गुलामांनी मालकाची ऐटबाज चाल उचलून केलेला नाच. मालक बघून हसायचा. आपलीच टिंगल चाललीय हे त्याला कळायचं नाही. स्वान या मेळाची राणी.

१२ एप्रिल १८८८ च्या रात्री पोलीस घुसले. काहीजण पळाले. राणी मात्र दारात उभी राहिली आणि फौजदाराला भिडली. झटापटीत साटनचा झगा चिंध्या झाला. तेराजण धरले गेले. पेपरवाल्यांना चघळायला विषय मिळाला.

१८९६ ला त्याच्यावर कुंटणखाना चालवल्याचा आरोप ठेवला. खोटा. शिक्षा दहा महिने. इथं स्वान गप्प बसला असता तर तो नुसता नाचणारा राहिला असता. त्यानं तुरुंगातून थेट राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडकडे माफीचा अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, पण समलिंगी माणसांच्या एकत्र जमण्याच्या हक्कासाठी सरकारदारी गेलेला नोंदीतला पहिला अमेरिकन हाच, असं इतिहासकार चॅनिंग जोसेफ मांडतात. एका जुन्या बातमीवरून माग काढत त्यांनी ही हकीकत २०२० ला लोकांपुढं आणली. सव्वाशे वर्षं ती कागदांत पडून होती. जन्मलेल्या गुलामांच्या नोंदी कोण जपतो? आपल्याला ठाऊक आहेच.

स्वाननं पुढं नाच सोडला. त्याचा भाऊ डॅनियल मात्र या मेळासाठी झगे पुरवत राहिला.