तेराव्या मजल्यावरून चारकोपपर्यंत

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात, बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था १९५७ साली ‘रक्तगट संदर्भ केंद्र’ म्हणून सुरू झाली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ‘बॉम्बे’ रक्तगट जगासमोर ठेवला होता. नव्या केंद्राची धुरा भाटियांकडेच आली. रक्तगटांपासून निघालेली ही वाट हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांपर्यंत आणि तिथून गरोदर बाईच्या दंडातून काढलेल्या रक्ताच्या नळीपर्यंत आली, ती अनेक वर्षांनी.

असाच एक दोष म्हणजे थॅलेसेमिया. त्याचं गणित सोपं, पण निर्दय आहे. आई-वडील दोघंही वाहक असले, म्हणजे ‘मायनर’, तर दोघांनाही काही त्रास नसतो. मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘मेजर’ असण्याची शक्यता २५ टक्के. तसं बाळ वर्षा-दोन वर्षांचं होईतो पांढरं पडू लागतं आणि पुढे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वाहक ओळखायला साधी रक्तगणना पुष्कळ सांगते. पेशी आकाराने लहान आणि फिक्या दिसल्या, की एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ मोजायचं. यंत्र परवडत नव्हतं तेव्हा मुंबईच्या डॉ. बी. सी. मेहतांनी ‘नेस्ट्रॉफ्ट’ ही एका नळीची चाचणी रुळवली. ०.३६ टक्के मिठाच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. नळीमागची काळी रेघ स्वच्छ दिसली तर ठीक. द्रावण गढूळ राहून रेघ झाकली गेली तर पुढची तपासणी.

ऐंशीच्या दशकात संस्थेने गर्भाचं निदान हाती घेतलं. आधी पाचव्या महिन्याच्या सुमारास नाळेतलं रक्त घेऊन, पुढे दहा-बारा आठवड्यांनाच वारेचा अंश घेऊन डीएनएवरून. डॉ. रोशन कोलाह यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पण डीएनएवरून निदान करायचं तर आधी दोन्ही पालकांतला नेमका दोष माहीत हवा. म्हणजे आधी बाईची तपासणी, मग नवऱ्याची, मग दोघांच्या जनुकांची. एवढं सगळं दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आत.

हे कागदावर जमतं. सात वर्षांच्या एका उपक्रमात संस्थेने मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतल्या ६० हजारांहून जास्त गर्भवती तपासल्या. हजाराच्या आसपास वाहक सापडल्या. त्यातल्या बहुतेकींचे नवरे तपासायला आलेही; ‘पुरुष येत नाहीत’ हे आपण फार लवकर गृहीत धरतो. अडलं ते दुसरीकडेच. पहिल्या तिमाहीत आलेल्या बायका थोड्या होत्या. तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्या घरांतली रीत. मग माहेरी कळवायचं, मग हॉस्पिटलात नाव घालायचं. तोवर वारेची तपासणी करण्याचे दिवस सरलेले असतात.

चारकोपचं उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या कर्जातून, ऐंशीच्या दशकात म्हाडाने सेक्टर पाडून वसवलेली ही कांदिवली पश्चिमेची वस्ती. इथल्या पहिलटकरणीला परळला जायचं तर शेअर रिक्षाने कांदिवली स्टेशन, तिथून लोकलने प्रभादेवी, मग पायी केईएम. मळमळ सांभाळत, आणि नवऱ्याचा एक खाडा धरून. शिवाय ‘हा सिंध्यांचा, कच्छी भानुशालींचा, लोहाणांचा आजार’ असं म्हणून मराठी घर सुटकेचा श्वास सोडतं. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे, हे खरंच. पण देशातल्या सहा शहरांत ५६,७८० जणांची तपासणी झाली, तेव्हा सरासरी २.७८ टक्के वाहक निघाले आणि ५९ समाजगटांत हे प्रमाण शून्यापासून ९.३ टक्क्यांपर्यंत गेलं. आडनाव बघून नळी धरायची नसते, हे या आकड्यांनी पुरतं दाखवलं. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात तर प्रश्न सिकल सेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या दोषाचा. त्यासाठी संस्थेचं केंद्र चंद्रपूरला आहे.

गर्भाच्या अशा निदानाला कायद्याने जागा ठेवली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्यातही हिमोग्लोबिनच्या दोषांच्या निदानाला मुभा राहिली. गर्भपाताची जुनी मर्यादा २० आठवड्यांची होती. उशिरा नाव घालणाऱ्या बाईची यात फार ओढाताण व्हायची. २०२१ च्या दुरुस्तीने, गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर ती मर्यादा उठली. तरी पाचव्या-सहाव्या महिन्यातला निर्णय आणि तिसऱ्यातला निर्णय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो कुठलंही कलम भरून काढत नाही. निर्णय काय घ्यायचा हे त्या जोडप्याचं. संस्थेचं काम वेळेत माहिती देण्याचं.

आता बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा रोपणाचं केंद्र आहे. मेजर मुलांसाठी उपचार उपनगरात आला, ही मोठीच गोष्ट. तपासणीने मात्र अजून गरोदरपणाचं दार ओलांडून अलीकडे यायला हवं. संस्थेने कॉलेजच्या मुलामुलींची तपासणी केली, ती याच विचाराने. मला तर वाटतं, सुरुवात मुलापासून करावी. तो वाहक नसेल तर बायको वाहक असूनही पुढची सगळी धावपळ टळते. आणि त्याचं रक्त तपासायला कुणाला दिवस जाण्याची वाट बघावी लागत नाही.