'ताण' : एका शब्दाची सोय

'आधिव्याधी' या जोडशब्दात आपल्या परंपरेने मनाची पीडा आणि शरीराची पीडा शेजारी बसवली, पण नावे वेगळी ठेवली. आज आपण दोन्हींसाठी 'ताण' म्हणून मोकळे होतो.

ही संकल्पना उंदरांच्या शरीरातून आली. माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण छापले. थंडी, जखम, अतिश्रम, औषधांची मात्रा, कारण कोणतेही असो, उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगत, थायमस आक्रसे, जठरात व्रण पडत. कारणे सारी शारीरिक. मनाचा प्रवेश या कथेत पुढे झाला. 'स्ट्रेस' हे नावही नंतरचे. अभियांत्रिकीत वस्तूवरचा जोर तो 'स्ट्रेस', त्याचा परिणाम 'स्ट्रेन'. सेल्ये यांनी परिणामालाच 'स्ट्रेस' म्हटले आणि कारणासाठी 'स्ट्रेसर' हा शब्द घडवला. मराठीत तर दोरीला दिलेला ताण आणि दोरीत आलेला ताण एकच. म्हणून 'मला ताण आहे' या वाक्यात ताण देणारा अनुल्लेखित राहतो. हे मौन आम्हांला फार सोयीचे वाटते.

सोय कोणाची? अमेरिकेतील खटल्यांमुळे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून सिगारेट उद्योगाने सेल्ये यांच्या संशोधनाला पैसा पुरवल्याचे दिसते. हृदयविकाराचे खापर तंबाखूऐवजी ताणावर फुटणे त्या उद्योगाला हवेच होते.