अकरावीला मार्क का पडतात? थोडा जुना हिशेब

दहावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पेढे वाटले जातात, पेपरात फोटो छापून आणायला आईबाप स्वतः येतात. त्याच पोरांचा वर्षभराने अकरावीचा निकाल लागतो तेव्हा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ९२ टक्केवाल्याला ४८ पडलेत, ८८ वालीचं फिजिक्स गेलंय, ही बातमी घराच्या बाहेर येत नाही.

घरात मात्र निकाल लागलेला असतो. मोबाईल. मित्र. वय. 'पोरगं हाताबाहेर गेलं.' काही घरांत ते खरंही असेल. पण शेकड्याने पोरं एकाच वर्षी, एकाच पायरीवर घसरत असतील तर एकदा पायरी बघायला नको का? या पायरीला इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात राजकोटच्या हायस्कूलपासून करतो. साल १८८० च्या आसपासचं. तिथे मोहनदास गांधी नावाचा मुलगा शिकत होता. लग्नामुळे त्याचं एक वर्ष वाया गेलेलं. ते भरून निघावं म्हणून शिक्षकांनी त्याला तिसरीत सहा महिनेच ठेवलं आणि परीक्षेनंतर वर चढवून चौथीत घातलं. ही चौथी म्हणजे इंग्रजी चौथी बरं का. जुन्या लोकांना हा हिशेब माहीत आहे. आधी चार यत्ता आपल्या भाषेत, मग सात इंग्रजी, आणि मग मॅट्रिक. म्हणजे आजच्या मापाने साधारण आठवी, हायस्कूलचं पहिलं वर्ष.

या चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू व्हायचे. भूमिती नवीन, तीही इंग्रजीतून. गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय की शिक्षक चांगलं शिकवायचे, पण आपल्याला काही कळत नसे. परत तिसरीत जाऊन बसावं असं अनेकदा मनात यायचं. गेले नाहीत, कारण ज्या शिक्षकाने भरवसा ठेवून वर चढवलं त्याचीही लाज गेली असती. रेटत राहिले. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापर्यंत आले आणि एकदम उजेड पडला, की अरे, हे तर सोपं आहे!

बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात. पण पुढे सहावीत हाच मुलगा संस्कृतला घाबरून फारसीच्या वर्गात जाऊन बसला, कारण फारसी सोपी असं पोरं सांगायची. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांनी त्याला बोलावून घेतलं, समजावलं, अडेल तिथे माझ्याकडे ये म्हणाले. तो परत आला. तेव्हा दर वेळी तेरावा सिद्धांत आपोआप येतो असं नाही. एखाद्या वेळी बोलावून घेणारे सर लागतात. ही माझी पुस्ती.

हा मुलगा १८८७ मध्ये मॅट्रिक झाला, जवळपास ४० टक्क्यांनी. पुढे भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला, तर तिथलं काहीच डोक्यात शिरेना. प्राध्यापक चांगले होते, कच्चा मीच होतो, असं त्यांनीच लिहिलंय. पहिलं सत्र संपल्यावर घरी परत. म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष आणि कॉलेजचं पहिलं वर्ष, दोन्ही उंबरठ्यांवर ठेच. बऱ्याच वर्षांनी, १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यांनी याचा हिशेब मांडला. गणित, भूमिती, रसायन वगैरे जे शिकायला आपल्याला चार वर्षं लागली, ते गुजरातीतून एका वर्षात झालं असतं, असा त्याचा सारांश.

आता आपल्याकडे या. विसाव्या शतकात हायस्कूल हळूहळू मराठीत आलं. चांगलंच झालं. पण सायन्सचं कॉलेज इंग्रजीतच राहिलं. म्हणजे झालं काय, तर तो उंबरठा कोणी काढला नाही. चौथीतून उचलून कॉलेजच्या दारात नेऊन ठेवला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, गतिज ऊर्जा पाठ करून आलेली असते. दहावी पास होते, आणि अकरावीत पाऊल टाकताच समोर फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, कायनेटिक एनर्जी. गोष्ट तीच, पण नाव बदललंय हे तिला सांगायला कोणाला वेळ नाही. सेमी इंग्रजीवाल्यांचं थोडं निभावतं. बाकीची पहिली घटक चाचणी निम्म्या शब्दांचा अंदाज बांधत देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ही अकरावी मुळात शाळेची नव्हतीच. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. शंभरावर मुलं बसली आणि वीस-बावीस पास झाली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, भांडारकर होते. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठात शिरायची परीक्षा. आत गेलं की पहिलं वर्ष कॉलेजचं. त्याला कधी प्रीव्हियस म्हणायचे, मद्रासकडे एफ.ए., पुढे कुठे प्री-डिग्री, कुठे पी.यू.सी., मुंबईत एफ.वाय. आणि इंटर. नावं बदलली तरी त्या वर्षाचा धाक तोच.

टिळकही डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी नापास झाले होते, पण ते प्रकरण निराळं. तब्येत कमवायची म्हणून त्यांनी ते वर्ष तालमीत आणि पोहण्यात घातलं होतं. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. घरातल्या पोराला हे उदाहरण सांगताना जरा जपून.

१९४९ पासून आपल्याकडे एस.एस.सी. आली, तीही जुन्या अकरावीच्या शेवटी. मग कोठारी आयोग, १०+२+३, आणि १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी. शाळा एक वर्षाने आखूड झाली. कॉलेजच्या पहिल्या पायरीचं नाव 'ज्युनिअर कॉलेज' झालं आणि सोळाव्या वर्षीची पोरं तिच्यावर आली. जुन्या पद्धतीत मॅट्रिकच्या आधी एक वर्ष जास्त मिळायचं, पिकायला. आता दहावीत जे सहज जमलं त्याच्या दुप्पट-तिप्पट जाडीची पुस्तकं अकरावीत पुढ्यात येतात. वर बोर्डाची परीक्षा नाही, पेपर कॉलेजच काढणार, कॉलेजच तपासणार. एक कॉलेज सगळ्यांना ढकलतं, शेजारचं कॉलेज हात आखडतं. तेव्हा तुमच्या भावकीतल्या पोराच्या अकरावीशी आपल्या पोराची अकरावी ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, दहावीचे मार्क. हे जरा कडू आहे. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले, निकाल आला ७७.१० वर. ओरड झाली, गुण परत दिले. २०२० चा निकाल ९५.३०. लॉकडाऊनमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपरच झाला नाही हेही खरं, पण एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं १८ टक्क्यांनी हुशार झाली असं कोणी म्हणेल का? मोजपट्टी बदलली. आणि २०२१ ला परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५. त्या वर्षी शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून धरले. नववी कोण मनावर घेतं? त्या बॅचची नववी अचानक निम्म्या दहावीएवढी झाली. बारावीला तर ३० टक्के भार अकरावीचा होता.

याच्या शेजारी एक आकडा ठेवतो. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. ३७.६ टक्के. त्या यशाबद्दल सभा भरली, सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. वर्गात संस्कृत हवं असताना ज्याला ते नाकारून फारसी घ्यायला लावलं, त्याचे ते २८२ होते. टक्का एकटा काही सांगत नाही. कोणत्या काळात, कोणत्या पट्टीने, कोणत्या बाकावरून, हे सगळं विचारावं लागतं. आज दहावीला ९२ पडलेल्या पोराला त्या ९२ चा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. मग अकरावीचा ४८ त्याला खाईत पडल्यासारखा वाटतो. खरं तर त्याची पातळी या दोन्हीच्या मधे कुठेतरी असते.

व्हॉट्सॲपवर फिरतं की आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता. खोटं आहे. गणितात तो पहिल्यापासून तेज. झुरिचच्या प्रवेश परीक्षेत तो १८९५ मध्ये नापास झाला हे खरं, पण तेव्हा तो १६ वर्षांचा, वयाच्या अटीपेक्षा लहान, आणि घसरला तो विज्ञान-गणिताच्या बाहेरच्या विषयांत. मग आराउच्या शाळेत एक वर्ष काढून रीतसर गेला. असल्या फॉरवर्डने पोरांना धीर येत नाही, त्यांना आपली फसवाफसवी कळते.

मला जास्त विचार करायला लावते ती रामानुजनची गोष्ट. पुढे मोठा झाला म्हणून नव्हे, मधल्या दोन वर्षांत काय झालं म्हणून. १९०४ मध्ये शाळेचं गणिताचं बक्षीस घेऊन तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात एफ.ए.ला गेला. म्हणजे आपली अकरावी. गणितापुढे दुसऱ्या विषयांकडे बघेना. इंग्रजीत नापास, शिष्यवृत्ती गेली. घरची गरिबी, फीला पैसे नाहीत. ऑगस्ट १९०५ मध्ये १७ वर्षांचं ते पोरगं कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेलं. 'हिंदू'मध्ये मुलगा हरवल्याची बातमी छापून आली. आमच्या धंद्यातल्या माणसाला असल्या चार ओळी माहीत असतात. 'अमुक वर्षांचा मुलगा, अंगात अमुक रंगाचा शर्ट, माहिती असल्यास कळवावे.' पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातूनही तो एफ.ए.ला दोनदा नापास झाला. १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकून. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

तो परत आला, हे आपलं नशीब. सगळी परत येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्यात, आणि राज्यांत सगळ्यात वर महाराष्ट्र आहे. सगळ्या मार्कांमुळे नाहीत, कारणं गुंतलेली असतात. पण निकालाच्या आठवड्यात घरातलं पोर जेवत नसेल, बोलत नसेल, तर मार्कांचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर सेव्ह करून ठेवा.

कॉलेजवाल्यांना एक विचारायचंय. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, याद्या, फेऱ्या, पसंतीक्रम सगळं काटेकोर. प्रवेशानंतरचा पहिला महिना मात्र तसाच. पहिले तीन आठवडे मराठी शब्दांशेजारी इंग्रजी शब्द लिहून दहावीचंच विज्ञान-गणित पुन्हा घेतलं, तर कोणाचं काय अडतं? यासाठी जीआर लागत नाही. काही सर-मॅडम हे स्वतःहून करतात, त्यांच्या वर्गातली पोरं सांगतात. पण बऱ्याच ठिकाणी वर्गच भरत नाही. क्लासशी 'टाय-अप' असतं, पोरगं कागदावर एका गावात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या शहरातल्या खोलीवर. त्याला बोलावून घेणारे पंड्या मास्तर कुठून येणार?

आणि पालकांनो, अकरावीचे मार्क बारावीच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत. सीईटीत मात्र साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमातले असतात, नीट आणि जेईईत त्याहून जास्त. म्हणजे टक्का विसरून जा, राहिलेले धडे विसरू नका. मे महिना हातात आहे. कुठल्या विषयात भाषा अडली आणि कुठे गणितच कच्चं राहिलं, एवढं पोराबरोबर बसून वेगळं काढलं तरी काम निम्मं होतं. सायन्स त्याला नकोच होतं, आपण घ्यायला लावलं, असं त्या बसण्यात निघालं तर तेही ऐकून घ्या.

प्री-डिग्री, पी.यू.सी. किंवा जुन्या अकरावीच्या बॅचचं कोणी वाचत असेल तर जरूर लिहा. मराठी शाळेतून गेल्यावर त्या पहिल्या वर्षी इंग्रजीशी कसं जमवलंत? कोणी बोलावून घेतलं होतं का?