महाराष्ट्र पोलीस भरतीतील तृतीयपंथी उमेदवार

महाराष्ट्र पोलीस दलाच्या भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना समान संधी मिळण्याचा प्रश्न २०२२ मध्ये न्यायालयीन लढ्यामुळे पुढे आला. त्यापूर्वी पोलीस शिपाई पदाच्या ऑनलाइन अर्जात लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ व ‘स्त्री’ हे दोनच पर्याय होते. त्यामुळे तृतीयपंथी व्यक्तीला स्वतःची ओळख नोंदवून अर्ज करणे शक्य नव्हते.

कायदेशीर पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीला मान्यता दिली. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई केली. लैंगिक कल मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला.

न्यायालयीन लढा

तृतीयपंथी अर्जदारांच्या याचिकांवर नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने अर्जात तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती मृदुला भाटकर तेव्हा न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा होत्या. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नसल्याने अंमलबजावणी अवघड असल्याचे सांगून राज्य शासनाने या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता यांच्या खंडपीठाने नियम करण्यातील विलंबाबद्दल शासनाला सुनावले. त्यानंतर शासनाने अर्जात तिसरा पर्याय उपलब्ध करून देण्याची तयारी दर्शवली. २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करावेत आणि तृतीयपंथी उमेदवारांची शारीरिक चाचणी झाल्यावरच लेखी परीक्षा घ्यावी, असे न्यायालयाने निर्देश दिले. या भरतीसाठी आलेल्या १८ लाखांहून अधिक अर्जांपैकी ७३ अर्ज तृतीयपंथीयांचे होते.

शारीरिक चाचणीचा प्रश्न

शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. उंची आणि गोळाफेकीचे निकषही वेगवेगळे आहेत. त्यामुळे अर्जात पर्याय मिळाला, तरी कोणते मोजमाप लावायचे हे ठरल्याशिवाय उमेदवाराला मैदानावर उतरता येत नाही. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. तेथील भरतीलाही राज्याचेच नियम लागू असल्याने हा प्रश्न स्थानिक पातळीवर सुटणारा नव्हता.

इतर राज्ये

तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील निकालानंतर पृथिका याशिनी पोलीस उपनिरीक्षक झाल्या. छत्तीसगडमध्ये २०२१ मध्ये १३ तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई पदासाठी निवड झाली.